शुक्रवारचा भाग

मॉर्टी ग्लॅन्ट्झ मेला तेव्हा पेपरांनी त्याला 'सर्वांचा लाडका' म्हटलं. खोटं आहे. सर्वांचा लाडका असता तर साठीनंतर त्याला सिनेमात काम मिळालं असतं. आयुष्यभर त्यानं खवचट वेटर, चोंबडे शेजारी आणि चुकीच्या खोलीत शिरणारे दंतवैद्य केले. मग फोन वाजायचा थांबला. शेवटी टीव्हीवरच्या एका प्रश्नोत्तरांच्या खेळानं त्याला नटांच्या खालच्या रांगेत, डाव्या कोपऱ्यात बसवलं, आणि तिथून तो आठ वर्षं हलला नाही.

त्या खेळाचे प्रश्न मी लिहायचो. शाळा मी चौदाव्या वर्षी सोडली, बेकरीची गाडी चालवली, बाकीचं वाचनालयात बसून शिकलो. "फर्लानो," मॉर्टी म्हणायचा, "तुझे प्रश्न वाचले की वाटतं, तू शाळा सोडलीस हे शाळेचं नशीब."

खेळ साधा होता. सूत्रधार प्रश्न विचारणार, नट आधी एक विनोद करणार, मग उत्तर देणार; ते खरं की खोटं, हे स्पर्धकानं ओळखायचं. बाकीच्या नटांना विनोदही मीच लिहून द्यायचो. मॉर्टीला कधी द्यावा लागला नाही. सोमवार ते शुक्रवारचे पाचही भाग आम्ही एकाच शनिवारी उरकायचो. दर भागाला नटांनी नवा कोट चढवायचा, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं दिवस बदलला. तिसऱ्या भागानंतर जेवण आणि जेवणाबरोबर वाइन. त्यामुळे गुरुवार-शुक्रवार नेहमीच जास्त रंगायचे.

त्या शेवटच्या शनिवारी त्याचे पाचही कोट त्याच्या अंगावर लोंबत होते. मी विचारलं तर म्हणाला, "एस्टेल स्वयंपाक शिकतेय." एस्टेल त्याची बायको. मंगळवारी तो गेला. ते भाग दोन आठवड्यांनी दाखवायचे होते.

त्याला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी चॅनेलच्या क्रेग हॅल्स्टेडनं मला बोलावलं. लोकांना काय बोचेल हे ठरवायचा त्याला पगार मिळायचा.

"पाचही भाग रद्द," तो म्हणाला.

"का?"

"मेलेला माणूस विनोद करतोय, बरं दिसत नाही. आणि शुक्रवारचा तो कपड्यांचा प्रश्न!"

प्रश्न माझाच होता. शिष्टाचाराच्या पुस्तकाप्रमाणे नवरा गेल्यावर बायकोनं त्याचे कपडे किती दिवसांनी देऊन टाकावेत? मॉर्टीनं चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाला, "काय माहीत. माझीनं मार्चपासूनच सुरुवात केलीय." लोक एवढे हसले, की सूत्रधार टेबलाला धरून उभा राहिला.

"बाई घरात बसून हे ऐकणार," क्रेग म्हणाला. "तिला काय वाटेल?"

"तिला विचारलंस?"

"दुःखातल्या बाईला मी असलं विचारू?"

"मग मी विचारतो."

"सोमवारी सकाळपर्यंत. नंतर टेप पुसायला जाईल."

टेप महाग असते. चॅनेल जुनं पुसून त्यावरच नवं भरायचं. मॉर्टीची आठ वर्षं अशीच पुसली गेली होती. त्याचं असं उरलं होतं ते हे पाच भाग, आणि तेही अजून कुणी पाहिले नव्हते.

रविवारी मी मॉर्टीच्या घरी गेलो. ज्यू रिवाजाप्रमाणे सात दिवसांचा दुखवटा चालू होता. आरशांवर चादरी होत्या, टीव्हीवरही. एस्टेल ठेंगण्या स्टुलावर बसली होती. भोवती म्हातारे नट उकडलेली अंडी खात मॉर्टीचे किस्से सांगत होते, आणि प्रत्येक किस्सा फिरून स्वतःवरच आणत होते. दारात मॉर्टीची थोरली बहीण पर्ल.

"फर्लानो, खाल्लंस?"

"खाल्लं."

"खोटारडा. मासा घे."

मी मासा घेतला आणि कामाचं सांगितलं. पर्ल भडकली. "सात दिवस या घरात टीव्ही लागायचा नाही. करमणूक बंद. सोमवारला म्हणावं, थांब."

"सोमवार थांबेल, पर्लबाई. चॅनेल थांबणार नाही."

"तो काय बोलला ते तूच सांग ना," एस्टेल म्हणाली. "तू काही टीव्ही नाहीस."

"आणि करमणूक तर मुळीच नाही," पर्ल म्हणाली.

मी सांगितलं. मला नट होता येत नाही. यादी वाचावी तसं सांगितलं. खोलीत कुणी हसलं नाही. एकानं हातातलं अंडं ताटलीत ठेवलं.

एस्टेलनं विचारलं, "चष्मा पुसला?"

"हो."

"बोलायच्या आधी की नंतर?"

"आधी. सावकाश."

ती उठली आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेली. कपाट उघडलं. भलंमोठं कपाट, आणि आत फक्त पाच कोट.

"मार्चमध्ये डॉक्टरनं सांगितलं," ती म्हणाली. "कुणाला कळू द्यायचं नाही म्हणाला. आजारी विदूषकाला कोण बोलावतं? मग इथं पलंगावर बसून तो एकेक हँगर माझ्या हातात द्यायचा. हा न्हाव्याला. हा पर्लच्या जावयाला, त्याला काहीच शोभत नाही, तेव्हा हाही चालेल. हे पाच ठेवले. शनिवारसाठी."

"मला दटावत होता, कुणाला बोलू नकोस. आणि भरल्या सभेत स्वतःच सांगून बसला मेला! वर लोक हसले!" मग तीच हसायला लागली. कपाटाचं दार धरून, डोळे पुसत, पुन्हा हसत.

"काय झालं गं?" पर्ल बाहेरून ओरडली.

"तुझ्या भावानं माझी चहाडी केलीय!"

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दाखवा. पण आधी ती श्रद्धांजलीची काळी पाटी नको, व्हायोलिन नको. आणि एक हशा जरी कापला तरी मी तिथं येईन."

सोमवारी क्रेग म्हणाला, निदान सुरुवातीला दोन आदराचे शब्द टाकू. मी म्हटलं, ते मॉर्टीच्या बहिणीशी बोलून घे. पर्ल त्याला फोनवर काय म्हणाली मला ठाऊक नाही. आदराचे शब्द पडले नाहीत.

शुक्रवारचा भाग मी त्यांच्याच घरी पाहिला. आरशांवरच्या चादरी निघाल्या होत्या. मॉर्टीनं चष्मा पुसला तसं एस्टेलनं पर्लचं मनगट धरलं. लोक हसले. पर्ल हसली नाही, ती म्हणाली, "वाळलाय किती. आणि आम्ही सगळे आंधळे."

निघताना एस्टेलनं मला तो शुक्रवारचा राखाडी कोट दिला. "तुझंच नाव सांगितलं होतं त्यानं. म्हणाला, फर्लानोला बाह्या आखूड होतील, पण त्याला कळणार नाही."

होतात. मला कळतं.

टेप चॅनेलनं महिन्याभरात पुसली. त्यावर कुठल्या साबणाची जाहिरात भरली असेल ती असो. आता ते कुणाला पाहता येणार नाही, म्हणून मी इथं लिहून ठेवतोय: चष्मा आधी पुसला होता. सावकाश.