काळ्या ठिपक्यांचा फ्रॉक

चेन पाठीच्या मधोमध अडकली ती अडकलीच. खालून हात पोचत नव्हता आणि वरून नेला तर बोटं नुसती टेकत होती. इस्त्रीवालीने हँगरची वाकवलेली तार पुन्हा चेनच्या कडीत घातली, श्वास रोखला आणि हिसका दिला. आत कुठेतरी कापड चावलं गेल्याचं तिच्या हाताला कळलं. नेमकी त्याच वेळी बाहेर दुकानाच्या दाराची घंटा वाजली.

"आहे का कुणी?" बाईचा आवाज होता.

इस्त्रीवालीच्या अंगात गिऱ्हाइकाचा पिवळाधमक फ्रॉक, स्वतःचे कपडे दारामागे खुंटीला, आणि समोर फळीवर स्टार्चच्या बाटलीला टेकवून ठेवलेला फोन तिच्याकडेच बघत होता. तिने कामाचा निळा डगला ओढला, फ्रॉकचा घेर गोळा करून कमरेला नाडीने आवळला आणि डगल्याची बटणं पार गळ्यापर्यंत लावली. आरशात पाहिलं तर सातवा महिना लागल्यासारखी दिसत होती. वय पन्नाशीच्या पुढे. एरवी ती स्वतःच हसून लोळली असती.

हौसेला मोल नसतं म्हणतात. म्हणणाऱ्यांना काय जातं? हिची हौस अशी होती की दुपारी मालक जेवायला घरी गेले आणि दुकान हिच्या ताब्यात आलं, की धुऊन आलेल्या कपड्यांतला एखादा जुन्या काळचा कपडा काढायचा, अंगात घालायचा, फोटो काढायचा आणि परत हँगरला लावून द्यायचा. रुंद कॉलरचे कोट, खांद्यांत कापूस भरलेले ब्लाऊज, पायाशी घंटेसारख्या पसरणाऱ्या पॅन्ट्स. तरुणपणी हे सगळं तिने सिनेमाच्या मासिकांत पाहिलं होतं आणि कातरून वहीत चिकटवलं होतं. अंगाला लावायला मिळालं ते आत्ता, तेही दुसऱ्याचं. फोटो गळ्यापासून खाली असायचे. चेहरा कधीच नाही. ते ती इंटरनेटवर टाकायची आणि कुठल्या कुठल्या गावचे लोक खाली लिहायचे, 'वा, काय दिवस होते ते.' घरी नवऱ्यालाही याचा पत्ता नव्हता. तो गुडघा धरून बसलेला, त्याला कशाला नसतं टेन्शन.

दुकानात आधी एक धुलाईवाला होता. त्याने गिऱ्हाइकाचा सूट घालून मेव्हण्याच्या लग्नात मिरवून घेतलं. मालकांना कळलं. त्यांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं, एवढ्यावर थांबले नाहीत, रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात जाऊन कारण सांगून आले. नंतर त्याला कुणी दारात उभं केलं नाही. "लोक आपल्याकडे कपडा नाही, विश्वास टाकून जातात," असं मालक तेव्हा म्हणाले होते, आणि इस्त्रीवालीने इस्त्री फिरवता फिरवता मान डोलावली होती. त्याच आठवड्यात तिने एका म्हाताऱ्या बाईंचा मखमली कोट घालून पाहिला होता. म्हणजे माणूस कसं असतं बघा.

काउंटरपलीकडे चाळिशीची एक बाई उभी होती. केस विंचरलेले नव्हते, अंगात कोट, हातात पावती चुरगळलेली. इस्त्रीवालीने तिला ओळखलं. फ्रॉक घेऊन आलेली बाई हीच होती.

"पिवळा फ्रॉक आहे आमचा. काळ्या ठिपक्यांचा," बाई म्हणाली. "उद्या देणार होतात. मला आत्ता हवाय. आई सकाळी गेली."

इस्त्रीवालीच्या अंगावर काटा आला आणि त्या काट्याला फ्रॉकचं कापड आतून घासलं.

बाई सांगत राहिली. तिला कुणाला तरी सांगायचंच होतं, समोर कोण आहे याच्याशी कर्तव्य नव्हतं. आईने आजारपणात स्वतःच हा फ्रॉक पेटीतून काढायला लावला होता. धुऊन आण आणि मला न्याल तेव्हा हाच घालून न्या, असं बजावलं होतं. लेकीने तोंडदेखलं हो म्हटलं, कारण डॉक्टर म्हणाले होते की अजून बरेच दिवस आहेत. आता हॉस्पिटलात मावशी बसून आहे. थोड्या वेळात न्यायला गाडी येईल.

ही आई कोण हे इस्त्रीवालीला कुणी सांगायची गरज नव्हती. फ्रॉक काउंटरवर उलगडला तेव्हाच तिने ओळखला होता. ती सोळा वर्षांची असताना थोरली बहीण तिला एका रिकाम्या गोदामात गाणं ऐकायला घेऊन गेली होती. चार पोरं वाजवणारी आणि एक मुलगी गाणारी. त्यांच्या कॅसेटी कुठल्या कंपनीच्या नव्हत्या. घरीच भरलेल्या, वरचा कागद म्हणजे गाणारीच्या फोटोचा झेरॉक्स, आणि कार्यक्रम संपला की गाणारी स्वतः सुटकेस उघडून विकायला बसायची. तिने हाच फ्रॉक घातला होता. झेरॉक्सवर पिवळ्याचा करडा झाला होता, पण ठिपके तेच. कॅसेट झिजून गेली. तो कागद इस्त्रीवालीच्या पत्र्याच्या डब्यात अजून होता. पुढे त्या मंडळींचं काय झालं कुणालाच माहीत नव्हतं. आणि एवढ्या वर्षांनी तो फ्रॉक चालत दुकानात आला. तो अंगात घालू नये एवढं शहाणपण तिच्यापाशी असतं तर ही वेळच आली नसती.

"धुलाईतून अजून यायचाय," ती म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

"ओला असला तरी चालेल."

"मालक येऊ देत. ते बघतील."

बाई बाकावर बसली. पावती मांडीवर ठेवून ती सरळ करत राहिली. इस्त्रीवाली मागे जायला वळणार, तर लक्षात आलं की मागे वळलं तर पाठ दिसेल, आणि डगल्याखाली चेनचा उंचवटा दिसत असेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ती भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखी तिरकी चालत पडद्याआड गेली. आत गेल्यावर तिने पुन्हा तार घातली. तार कडीत जाईना. कात्री समोरच होती. फ्रॉक कापला तर ती सुटणार होती, पण मग त्या बाईच्या हातात काय द्यायचं?

तेवढ्यात मालकांचा आवाज आला.

मालक माणूस वाईट नव्हते. बाईची हकिगत ऐकून ते हळहळले, पाणी दिलं, आणि म्हणाले, धुलाईत कसा असेल, कालच आला, मीच हँगरला लावला. मग पडदा सारून आत आले. इस्त्रीवाली एका शर्टावर इस्त्री दाबून उभी होती. शर्ट कुणाचा, कशाचा, काही कळत नव्हतं.

"बाई, तो ठिपक्यांचा फ्रॉक कुठंय?"

"बघते."

"बघते काय, हँगर इथंय, चिठ्ठी इथंय, फ्रॉक नाही."

ते स्वतःच शोधायला लागले. कोट सारले, पडद्यांचे गठ्ठे उचकले, टोपल्या उलट्या केल्या, गुडघ्यावर बसून यंत्राखाली बघितलं. "काखेत कळसा नि गावाला वळसा," ते स्वतःशीच पुटपुटले. "इथंच असणार कुठंतरी." ते तिच्या इतके जवळून गेले की त्यांचा खांदा तिच्या डगल्याला लागला. डगल्याखालून तलम कापडाची सळसळ झाली. तिला वाटलं, संपलं. पण मालक पुढे गेले.

शेवटी ते बाहेर जाऊन बाईला म्हणाले की, ताई, काय बोलू, आमच्याकडून गहाळ झालेला दिसतोय, जी म्हणाल ती भरपाई देईन. दुकानाला इतकी वर्षं झाली, असं कधी झालं नाही.

बाई रडली नाही, भांडलीही नाही. "भरपाई कशाची?" एवढंच तिने विचारलं, जणू तिला खरंच कळलं नव्हतं.

इस्त्रीवाली पडद्याआडून ऐकत होती. गप्प राहिलं की झालं, हे तिला कळत होतं. फ्रॉक हरवला म्हणून मालक चार दिवस चिडचिड करतील. संध्याकाळी ती डगल्यासकट घरी जाईल, नवऱ्याला पाठ देऊन सांगेल, चेन काढा हो जरा. नोकरीही राहील आणि इज्जतही. तो फ्रॉक कायमचा तिचा होईल. सोळाव्या वर्षी तिने देवाकडे याहून जास्त काही मागितलं नसतं. आणि गाणारीला घालतील हॉस्पिटलचा कसला तरी झगा, नाड्या मागे बांधलेला. हे शेवटचं तिच्या मनात आलं आणि मग जाईना. भीती कमी झाली म्हणून ती हलली असं नाही.

तिने पडदा सारला. "ताई, जरा आत येता? एकट्याच."

मालकांनी भुवया उंचावल्या. बायकांचं काही असेल म्हणून ते काउंटरपाशीच राहिले.

आत वाफेचं यंत्र सुसकारत होतं. इस्त्रीवालीने डगल्याची बटणं सोडली, नाडी सोडली, आणि बाईकडे पाठ करून उभी राहिली. डगला खाली पडला. घेर सळकन पोटऱ्यांपर्यंत आला.

मागून काहीच आवाज नाही. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आता ही ओरडेल, आता मालक येतील, आता सगळ्या रस्त्याला कळेल, असं मोजत ती भिंतीकडे बघत राहिली. मग तिला राहवेना. माफी मागायला म्हणून ती मान फिरवायला लागली.

"वळू नका," बाई म्हणाली.

ती थांबली.

"जरा तशाच राहा."

मागे बाईचा श्वास ऐकू येत होता, आधी संथ, मग तुटक. मग पाठीवर, बरोबर चेन अडकली होती तिथे, एक बोट टेकलं. बोट थंडगार होतं.

"इथंच अडकते ती," बाई म्हणाली. "आधी वर घ्यायची असते, मग खाली. कार्यक्रम झाला की ती अशी पाठ करून उभी राहायची. मी स्टुलावर चढायचे. मग तो गरम फ्रॉक ती माझ्याच हातात द्यायची. श्वास सोडा. सगळा."

इस्त्रीवालीने श्वास सोडला. चेन बोटभर वर गेली आणि मग सरळ खालपर्यंत आली.

फ्रॉक काढून तिने डगला पांघरला आणि खाली मान घालून फ्रॉक पुढे केला. चुकलं, ती म्हणाली. तुमच्या आईचं गाणं मी ऐकलंय, गोदामात, असंही म्हणाली, पण ते फार हळू म्हणाली, आणि बाईचं लक्ष फोनकडे गेलं होतं.

"फोटो काढलात?"

"चेहरा नाही येत. मी चेहरा कधी घेत नाही."

"दाखवा."

बाईने फोन हातात घेतला. फोटोत गळ्यापासून खाली पिवळा फ्रॉक होता. एक हात कमरेवर आणि उजवा पाय पुढे, झेरॉक्सच्या कागदावरचा तिला आठवत होता तसा. बाई बराच वेळ बघत राहिली.

"ती डावा पाय पुढे टाकायची," ती म्हणाली आणि फोन परत दिला. "काढून टाका तो फोटो."

इस्त्रीवालीने तिच्यासमोरच काढून टाकला. बोट दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बरोबर पडलं.

बाई फ्रॉक हातावर घेऊन बाहेर गेली. आता सांगेल, इस्त्रीवालीला वाटलं. डगला छातीशी घट्ट धरून ती पडद्याआड उभी राहिली.

"मिळाला," बाहेर बाई म्हणाली. "यंत्रामागे पडला होता."

मालकांनी देवाचं नाव घेतलं. सवयीने त्यांचा हात कापडावरून फिरला. "गरम आहे अजून. इस्त्री झालेली दिसते. थांबा, प्लॅस्टिक घालून देतो, प्रवासात चुरगळेल."

"नको," बाई म्हणाली. "गार होईल."

मालकांना ते कळलं नाही. पडद्याच्या फटीतून इस्त्रीवालीने पाहिलं, बाईने फ्रॉकची घडी केली, स्वतःच्या कोटाची बटणं सोडून ती आत छातीशी धरली, आणि वरून कोट लावून घेतला. मग दाराची घंटा वाजली.

मालकांनी आत हाक मारून सांगितलं की शर्ट आज संध्याकाळी द्यायचेत, जरा हात चालवा. इस्त्रीवालीने हो म्हटलं. तिने आपले कपडे चढवले, फ्रॉकचा रिकामा हँगर उचलला, त्याची वाकलेली तार सरळ केली आणि तो इतर हँगरांमध्ये लावून टाकला.