पिवळा टीशर्ट, डावीकडे!

थोरल्या लेकीला रविवारी बागेतल्या झाडांच्या चकव्यात एकटीला पाठवायचंच, हे आईनं मंगळवारी ठरवून टाकलं होतं.

मंगळवारी शाळेतल्या बाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, "घरी काही झालंय का? पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं तरी तुमची मुलगी मला विचारते, 'बाई, मी हरवणार नाही ना?' दिवसातून पाच-सहा वेळा."

घरी काहीच झालं नव्हतं. घरी फक्त ती होती. "हात सोडू नकोस", "मी दिसते का मागे वळून बघ", "दोन मिनिटं दिसली नाहीस तर जीव गेला माझा" ही तिची दिवसभराची टकळी होती. सहा वर्षं डोळ्यांत तेल घालून जपलेली पोर दहा पावलांवरच्या टाकीला घाबरावी, आणि ती भीती आपल्याच तोंडची असावी, हे तिच्या फार जिव्हारी लागलं. त्या संध्याकाळी भांडी पुसता पुसता तिनं मनाशी पक्कं केलं. भीती मी घातली, आता मीच काढीन.

चकवा शहराच्या जुन्या बागेत होता. दोनशे वर्षांपूर्वी कुणा राजाच्या हौशी माळ्यानं तो लावला होता, असं फाटकावरचा दगड सांगायचा. दगडावरचं राजाचं नाव पार झिजलं होतं, झाडं मात्र अजून ठणठणीत होती. पुरुषभर उंचीची, कात्रीनं सरळ कापलेली हिरवी कुंपणं, त्यांच्यामधून वळत जाणारी वाट आणि मधोमध एक छोटं कारंजं. आत जायचं तोंड आणि बाहेर यायचं तोंड शेजारीशेजारी होतं. बाजूला लाकडी मचाण होतं आणि मचाणावर राखणदार काका. आत कुणी अडकलं की ते वरून ओरडून वाट सांगायचे.

रविवारी सकाळी तिनं दोन्ही मुलांना एकसारखे भडक पिवळे टीशर्ट चढवले. ते तिनं मुद्दाम शोधून आणले होते. गर्दीत कुठूनही दिसायला हवेत, एवढाच विचार.

"रस्ता खोदायला निघालीयत का दोघं?" नवऱ्यानं कामावर जाता जाता विचारलं.

"हसा तुम्ही. हरवली तर शोधायला मलाच लागतं."

"अगं, हरवली आहेत कधी?"

तिनं धाकट्याची कॉलर सरळ केली. कधीच हरवली नव्हती, हेही खरंच होतं.

बागेत पोचल्यावर थोरलीनं चकव्याचं तोंड पाहिलं आणि आईचं बोट घट्ट धरलं. आईच्या दुसऱ्या हाताशी धाकटा होता. "तू पण ये."

"मी इथंच उभी आहे. काका वरून सांगतील."

काकांनी वाकून पाहिलं. "नाव-बिव सांगू नकोस हं बाळ. आपण नावानं हाक मारत नाही. एका नावाला दहा पोरं वळतात. आपलं काम कपड्यावर. पिवळा टीशर्ट म्हटलं की तू. कळलं?"

थोरलीनं मान हलवली, पण पाय हलवले नाहीत. तिनं मग थोरलीची बोटं आपल्या बोटावरून एकेक करून सोडवली. हे काम तिनं आयुष्यात पहिल्यांदाच केलं. "जा," ती म्हणाली. थोरली गेली.

पहिल्या वळणापर्यंत पिवळा रंग दिसला, मग दिसेना. आईच्यानं राहवेना. तिनं कुंपणाच्या फांद्या दोन्ही हातांनी फाकवल्या आणि आत डोकं घातलं. पानंच पानं. वरून काकांचा आवाज आला, "पिवळा टीशर्ट, डावीकडे! शाब्बास! आता सरळ!"

जरा वेळानं काका थबकले. "अरेच्चा, मघाशी तर ती तिकडच्या टोकाला होती. पिवळा टीशर्ट, उजवीकडे! नाही, नाही, उजवीकडे म्हणतोय मी! ताई, तुमची पोरगी धावते की उडते?"

फांद्या सोडून तिनं मागं पाहिलं. तिचे दोन्ही हात मोकळे होते. दोन्ही!

शेजारी धाकटा नव्हता. साडेचार वर्षांचा धाकटा नुकताच डावं-उजवं शिकला होता आणि भेटेल त्याला करून दाखवत होता. आता तो चकव्यात शिरून काकांचा शब्दन् शब्द पाळत होता. काका सांगत होते एकीला आणि वळत होते दोघं.

"आई!" कुठून तरी थोरलीचा रडका आवाज आला. "आई, काका चुकीचं सांगतायत!"

आई चकव्याच्या तोंडाकडे धावली.

"आत शिरू नका!" काका ओरडले. "तुम्ही गेलात की मला तिघांना काढावं लागेल. पंधरा वर्षं बघतोय, लेकरं सापडतात, आया सापडत नाहीत!"

तिनं एकदा त्या हिरव्या बोळाकडे पाहिलं आणि मचाणाच्या शिडीला हात घातला.

"अहो, वर यायला मनाई आहे!"

"मग करा मनाई," ती चढता चढताच म्हणाली.

वरून सगळं उघडं पडलं. एका बंद टोकाशी थोरली उकिडवी बसून हुंदके देत होती. दोन कुंपणं सोडून धाकटा मजेत, हात हलवत चालला होता. थोरलीनं वर पाहिलं. "आई, तू ये ना आत!"

'आले' हा शब्द ओठांपर्यंत आला. ती शिडीची एक पायरी उतरलीसुद्धा. मग तिथंच थांबली. आज उतरले तर ही सोळा वर्षांची होईल तोवर मी उतरतच राहीन. ती पुन्हा वर चढली.

"मी येणार नाही," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला अनोळखी वाटला. "मला तू नीट दिसतेयस. धाकटा पण आत शिरलाय. तू त्याला घेऊन बाहेर ये."

हुंदका मध्येच थांबला. "तो आत कसा आला?"

"माझं लक्ष नव्हतं."

"तुझं?" आज दुपार होणारच नाही असं कुणी सांगितल्यासारखं थोरलीनं विचारलं. मग ती उठली, नाक मनगटाला पुसलं आणि कुंपणाकडे तोंड करून खेकसली, "ए! उभा राहा तिथंच! कुणी डावीकडे म्हटलं तरी हलायचं नाही! आकडे म्हण, मोठ्यानं!"

"कुठपर्यंत?" धाकट्याचा आवाज.

"मी येईपर्यंत!"

एक, दोन, तीन सुरू झालं. थोरली आवाजाच्या मागं निघाली. एकदा चुकली, परत फिरली. दुसऱ्यांदा चुकली, तेव्हा काकांनी छाती फुगवली, "पिवळा..."

आईनं त्यांच्या दंडावर हात ठेवला. "काका, नका."

"अहो, कामच आहे माझं ते."

"पाच मिनिटं सुट्टी घ्या."

काकांचे ओठ नुसतेच हलत राहिले. तिनं मचाणाची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि तोंड मिटून ठेवलं. थोरली उभी राहून कान द्यायची, चार पावलं टाकायची, पुन्हा उभी राहायची. धाकट्यानं बारानंतर एकदम चौदा म्हटलं. "तेरा विसरलास!" थोरली ओरडली आणि त्याच वळणावर तिनं त्याची कॉलर पकडली.

बाहेर यायला त्यांना आणखी तीन वळणं चुकावी लागली. ती शिडीवरून खाली येऊन वाट बघत उभी होती. मिठीत घ्यायला हात पुढं केले, तर थोरलीनं त्या हातांत धाकट्याचं मनगट दिलं.

"एवढासा आहे तो. धरून ठेवता येत नाही तुला?"

"चुकलं माझं."

"नीट धर आता. मी परत जातेय. मधलं कारंजं बघायचं राहिलं."

सांभाळून, लवकर ये, मागे वळून बघ... सगळं एकदम जिभेवर आलं. तिनं ते गिळलं. काकांकडे पाहिलं, तर तेही तिच्याकडेच बघत होते.

"जा," ती म्हणाली.

थोरली काही न विचारता गेली. पहिलं वळण आलं, पिवळा रंग दिसेनासा झाला. कुंपणाला हात न लावता आई तिथंच उभी राहिली.

"आई, दुखतंय," धाकटा म्हणाला.

तिनं पकड थोडी सैल केली. अगदी थोडीच.