ताईची ॲलर्जी

माझी ताई म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी मुख्याध्यापिका. तिच्या प्रत्येक केसपेपरवर लाल अक्षरांत ‘पेनिसिलिन चालत नाही’ असं असतं, आणि गेली वीस वर्षं ते मीच लिहितेय. मी नर्स आहे ना!

या वेळी ती माझ्याच वॉर्डात येऊन पडली. हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग. दुसरं औषध चालू होतं, पण ताप हटेना, आणि किडन्या कुरकुरायला लागल्या. तरी बाईसाहेब पडल्या पडल्या माझ्या चादरीच्या घड्यांना नावं ठेवत होत्या.

“यांना खरं तर पेनिसिलिनच हवं,” डॉक्टरीणबाई हळहळल्या. “जंतू वाढताना स्वतःभोवती भिंत बांधतात. पेनिसिलिन ती धड बांधूच देत नाही, मग ते फुटून मरतात. आपल्या पेशींना तसली भिंतच नसते, म्हणून त्या वाचतात. पण ॲलर्जी म्हणताय... लहानपणी नक्की काय झालं होतं?”

“इंजेक्शन घेऊन घरी आले, जरा आडवी झाले,” ताई म्हणाली, “आणि तासाभरात मान, गाल, हात सगळं गांधी उठून लाल.”

त्या दिवशी मी सहा वर्षांची होते. ताईनं आईकडे माझी चहाडी केली होती, म्हणून ती दवाखान्यात गेल्यावर मी तिच्या अंथरुणाला खाजकुइली चोळली होती. आई घाबरली आणि मी मूग गिळून बसले. पुढे नर्स झाले, तेव्हाही मनाची समजूत घातली, की असेलही खरंच ॲलर्जी. शहाणपण बघा माझं!

सांगून टाकलं. रडत, नाक ओढत, सगळ्यांसमोर.

डॉक्टरीणबाई नुसत्या माझ्या शब्दावर विसंबल्या नाहीत. आधी कातडीवर चाचणी, मग थोडासा डोस, शेजारी तातडीची औषधं तयार. मी ताईच्या हाताकडे टक लावून बसले. एक पुटकुळी उठेल तर शपथ! मग पूर्ण औषध सुरू झालं आणि चौथ्या दिवशी ताप उतरला.

तोवर ताई माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. त्या सकाळी म्हणाली, “इतकी वर्षं का गं गप्प बसलीस?”

“तू रागावशील म्हणून.”

“रागावले असते की,” ती म्हणाली. “दोन दिवस. फार तर तीन.”

ती जरा सरकली आणि मला बसायला जागा करून दिली.