आठवड्यातून एकदा, ढवळून

बाबा गेल्यावर भेटायला आलेल्यांपैकी निदान अकरा जणांनी थोरलीला सांगितलं की काळ हेच औषध. बाबांनी उभा जन्म एका दवाखान्यात कंपाउंडरकी केली होती. काळ हे खरंच औषध असतं तर त्यांनी त्याचीही बाटली भरून, वर चिठ्ठी डकवून, 'जेवणानंतर' असं लिहून ठेवली असती. पण थोरली प्रत्येकाला "हो ना" म्हणाली. ती ग्रंथपाल होती. लोकांनी भलत्याच कपाटात ठेवलेली पुस्तकं निमूट उचलून जागेवर लावण्याची तिला सवय होती.

तिचं लक्ष लागलं होतं गच्चीवर. तिथे चार कुंड्यांमध्ये बाबांच्या टोमॅटोची चार रोपं होती. टोमॅटो तरी कसला, तर बेढब, खांदे पडलेला, अंगावर घाईत घातलेल्या टाक्यांसारख्या रेघा असलेला. आंबट इतका, की एकदा खाल्लेला पाहुणा दुसऱ्यांदा जेवायला थांबत नसे. बाबांच्या मते हाच त्याचा मोठा गुण होता. तीस वर्षांपूर्वी कुणा म्हाताऱ्या रोग्यानं त्यांना ते बी दिलं होतं, आणि दर हंगामात बाबा पहिल्या चांगल्या फळाचं बी धरून पुढच्या वर्षासाठी डबीत ठेवत. यंदा आजारपणात त्यांनी होतं नव्हतं ते सगळं पेरलं आणि रोपं फुलावर आली तेव्हा स्वतः निघून गेले. डबी रिकामी होती. या चार रोपांवर एक तरी फळ पुरतं पिकलं तरच पुढे बी मिळणार होतं; नाहीतर तीस वर्षांचा कारभार आटोपला.

आणि तो कारभार बाबांनी तिच्या हाती दिला होता. शेवटच्या महिन्यात, खोलीत दुसरं कुणी नाही असं बघून, ते तिला म्हणाले होते, "रोपांचं तूच बघ. तुझ्याशिवाय माझा कुणावर भरवसा नाही. बाकीच्यांना सांगू नकोस, उगाच वाईट वाटेल." थोरलीनं चाळिशी ओलांडली होती, दोन पदव्या पदरात होत्या, पण त्या वाक्यानं तिला चौथीत पहिला नंबर आल्यासारखं झालं. ती कुणाला बोलली नाही. पहिला नंबर आलेल्यानं मिरवू नये, एवढे संस्कार तिच्यावर होते.

गच्चीवरच्या लहान कपाटात बाबांच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या. पाण्यात विरघळणारं खत, मॅग्नेशियम, बोरॉन, आणि जस्त, लोह वगैरे एकत्र केलेली सूक्ष्म अन्नद्रव्यांची पूड. प्रत्येक बाटलीवर औषधाच्या बाटलीसारखी कागदाची पट्टी आणि बाबांच्या तिरक्या अक्षरात मजकूर: 'आठवड्यातून एकदा. ढवळून. पाच लिटरला अर्धा चमचा.' आठवड्यातला कुठला वार आणि कुणी, ते लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच काय, देणारे हात एकाच माणसाचे होते.

थोरलीनं रविवार धरला. सकाळी उठून ती मोजून, ढवळून, कुंडीच्या कडेकडेनं खत द्यायची. रोपं अशी तरारली की बघणाऱ्याची दृष्ट लागावी. पानं काळपट हिरवी, खोडं अंगठ्याएवढी. मग एक दिवस पानांच्या कडा करपल्या. पानं आतल्या बाजूला वळली. फुलं आली तशी गळून गेली. जी चार-सहा फळं धरली त्यांचं बूड काळं पडलं आणि ती सुपारीएवढी असतानाच सडली.

थोरलीवर संकट आलं की ती वाचते. तिनं टोमॅटोवरची सात पुस्तकं वाचली. त्या सातांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, की उरलेल्या सहांवर विश्वास ठेवू नये. एकानं मॅग्नेशियम वाढवा म्हटलं, तिनं वाढवलं. दुसऱ्यानं बोरॉन कमी पडलं म्हटलं, तिनं चिमूटभर जास्त टाकलं. रोपांनी या विद्वत्तेला मान देऊन आणखी काही पानं टाकली.

शेवटी तिनं एक करपलेलं पान आणि एक काळ्या बुडाचं फळ कागदात गुंडाळलं आणि रोपवाटिका गाठली. तिथल्या मालकाला सगळे डॉक्टर म्हणत, कारण तो रोगी न बघता बाटली काढून देई. आताही त्यानं बाटली आधी काढली आणि पुडी नंतर उघडली. पान बघून मात्र तो थबकला. त्यानं गल्ल्याखालचा खण ओढला आणि आणखी दोन सुकलेली पानं काढून तिच्या पानाशेजारी ठेवली. तिन्ही पानं सख्ख्या बहिणींसारखी दिसत होती.

"हे मंगळवारचं," तो म्हणाला. "एक बाई आल्या होत्या. माझंच दुकान, पण मला उभं राहून बोलायला लावलं. आणि हे गुरुवारचं. एक जण आला होता, कमरेला पान्यापकडींचा पट्टा. बाई म्हणाल्या भावाचा टोमॅटो, तो म्हणाला वडिलांचा टोमॅटो. मी दोघांनाही सूक्ष्म अन्नद्रव्यं दिली. मला वाटलं तुमची केवढी तरी मोठी बाग असेल."

"चार कुंड्या आहेत," थोरली म्हणाली.

डॉक्टरनं पुढे केलेली बाटली उचलून परत फळीवर ठेवली. त्याच्या धंद्याच्या इतिहासात असं प्रथमच घडत असावं. मग त्यानं तिला समजावलं की कमी पडून हे झालेलं नाही, जास्त होऊन झालंय. मातीत एवढा क्षार साठला की मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि पाण्याबरोबर चुना वर चढतो तोही फळाच्या बुडापर्यंत पोचत नाही. भरल्या ताटापुढे उपाशी मरायची ही तऱ्हा. साधं पाणी द्या, खालच्या भोकातून वाहून जाईल इतकं द्या, आणि मग हाताची घडी घालून बसा. "तेच लोकांना जमत नाही," तो म्हणाला.

मंगळवारची बाई म्हणजे आत्या. पलीकडच्या गल्लीत राहणारी, मोठ्या रुग्णालयातून मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झालेली. तिच्या वॉर्डात रोगी तिला विचारल्याशिवाय मरत नाहीत, अशी तिची ख्याती होती. ती सख्ख्या भावानं मोडली, हे तिनं त्याला अजून माफ केलेलं नव्हतं. गुरुवारचा पट्टेवाला म्हणजे धाकटा भाऊ. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, गुरुवारी त्याला सुट्टी असायची, आणि बिघाड दिसला की त्याचे हात शिवशिवायचे. थोरली वाचनालयात असताना हे दोघं आपापल्या वारी घरी येत होते, वर जात होते, आणि पट्टीवर लिहिल्याप्रमाणे आठवड्यातून एकदा, ढवळून, इमानानं रोपांना मारत होते.

तिनं दोघांना शनिवारी गच्चीवर बोलावलं. आई तिथेच कपडे वाळत घालत होती.

"तुला कुणी सांगितलं होतं खत घालायला?" थोरलीनं भावाला विचारलं.

"बाबांनी."

"काय म्हणाले?"

भाऊ कुंडीकडे बघत म्हणाला, "तुझ्याशिवाय कुणावर भरवसा नाही म्हणाले. तुला सांगू नको म्हणाले. ताईला वाईट वाटेल म्हणे."

आत्यानं नाकावरचा चष्मा काढून पुसायला घेतला. एरवी ती चष्मा पुसत नसे, चष्माच तिला घाबरून स्वच्छ राही. "मला तर हात धरून म्हणाला," ती म्हणाली. "ताई, तूच. पोरांना काय कळतंय."

पहिला नंबर तिघांत विभागून आला होता, आणि तोही परीक्षकानं प्रत्येकाला एकट्याला गाठून दिलेला. थोरलीला बाबांचा राग आला. ते गेल्यापासून हा पहिलाच राग, आणि तो काढायला माणूस जागेवर नाही हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं. तिनं उगाच एका कुंडीवरची पांढरी, पापुद्र्यासारखी साय नखानं खरवडली.

आईनं ओठांत धरलेला चिमटा काढून दोरीवर लावला. "मला म्हणाले होते, रोपांना कुणाला हात लावू देऊ नकोस," ती म्हणाली. "ही मंडळी मायेनं जीव घेतील म्हणाले."

तिघांच्या माना एकदम तिच्याकडे वळल्या.

"मग तू बोलली का नाहीस?" थोरलीनं विचारलं.

"बोलले असते तर?" आईनं पुढचा कपडा झटकला. "हा गुरुवारी यायचा. मंगळवारी वन्सं यायच्या, चहा घ्यायच्या. तू रविवारी तरी खोलीबाहेर यायचीस. रोपांचं काय, रोपं मुकी."

भावानं पट्ट्याचं बक्कल उघडून परत लावलं. आत्या म्हणाली, "वहिनी, कमाल आहे तुमची," पण नेहमीचा वॉर्डातला आवाज काही तिला लागला नाही. मग सगळे बादल्या भरायला लागले, कारण दुसरं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुपारपर्यंत त्यांनी कुंड्यांवर पाणी ओतलं. खालच्या भोकांतून आधी चहासारखं पाणी आलं, मग पिवळसर, मग स्वच्छ. बाबांचं, आत्याचं, भावाचं आणि थोरलीचं सगळं प्रेम गच्चीच्या पन्हळीतून खाली रस्त्यावर गेलं आणि एका उभ्या स्कूटरखालून वाहत गटाराला मिळालं.

त्यानंतरचे दिवस फार कठीण गेले, कारण काहीच करायचं नव्हतं. तिघं आपापल्या वारी येतच राहिले. आत्या रोपाचं खोड दोन बोटांत धरून नाडी बघितल्यासारखी उभी राही. भावानं आधाराच्या काठ्यांच्या सुतळ्या इतक्यांदा सोडून बांधल्या, की शेवटी आईनं त्याला स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाकडे वळवलं. थोरली एका रविवारी चमचा हातात घेऊन कपाटाशी उभी सापडली. "नुसता धुवायला घेतला होता," ती म्हणाली. आईनं चमचा घेतला आणि तिच्या हातात चहाचा कप दिला.

दोन रोपं मेली. तिसरं जगलं, पण जगण्यापलीकडे काही करायचं नाही असं त्यानं ठरवलेलं दिसलं. चौथ्यावर नवा शेंडा आला, त्यावर एक घोस, घोसाला दोन फळं. एक वाऱ्यानं पडलं. उरलेलं लिंबाएवढं झालं आणि त्याच्या बुडाशी रुपयाएवढा काळा डाग उमटला.

त्या दिवशी रविवार होता, पण सगळ्यांना बोलावणं गेलं. भाऊ म्हणाला, चुन्याची एक फवारणी, फक्त एक. आत्या म्हणाली, तेवढा भाग कापून टाकू, मी कितीतरी पाय वाचवलेत तसे. थोरली धावत डॉक्टरकडे गेली. तो म्हणाला की हा रोग नव्हे, वाढीचा दोष आहे. वरचा भाग पुरता लाल होईपर्यंत फळ झाडावर राहू दे, आतलं बी चांगलं निघेल. पण तोडायचं नाही, कापायचं नाही, काही द्यायचं नाही. तिनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तिघांचे चेहरे शिक्षा ऐकल्यासारखे झाले.

एकोणीस दिवस ते फळ चौघांच्या नजरेखाली पिकलं. जगात एवढा पहारा असलेला दुसरा टोमॅटो नसेल. विसाव्या दिवशी आईनं ते देठाला धरून फिरवलं आणि ते सहज हातात आलं.

खाली घरातल्या टेबलावर थोरलीनं ते चिरलं. काळा भाग आत्यानं सफाईनं काढून टाकला. उरलेल्या अर्ध्यात, बुळबुळीत गरात, बिया होत्या: पिवळ्या, टपोऱ्या, आपल्यावरून घरात एवढं रामायण झालं याचा पत्ताही नसलेल्या. थोरलीनं त्या चमच्यानं वाटीत काढल्या आणि वर पाणी ओतलं. आता दोन-तीन दिवस त्या तशाच भिजत ठेवायच्या, गर सुटला की धुवायच्या, सावलीत सुकवायच्या. भाऊ वाटीवर वाकून म्हणाला, "यात काही घालायचं नसतं ना?" आणि आपणहून मागे सरकला.

चिरायच्या फळीवर फळाचा लाल तुकडा उरला होता. तो फेकवेना कुणालाच. आईनं त्याचे चार भाग केले, प्रत्येकाच्या वाट्याला नखाएवढा. सगळ्यांनी तो तोंडात टाकला आणि खाली बघत बराच वेळ चावला, तेवढ्यात चावण्यासारखं काही नसूनही.

"पाणचट झालाय," भाऊ म्हणाला.

"आंबटपणा गेला त्याचा," आत्या म्हणाली. "बाबा असता तुमचा, तर काय म्हणाला असता?"

"छान झालाय म्हणाले असते," आई म्हणाली. "प्रत्येकाला वेगळं गाठून."

हसू आधी आत्याला फुटलं, मग भावाला. थोरलीही हसली, आणि हसता हसता तिला वाटीतलं काही नीट दिसेना. तिनं वाटी जवळ ओढून तिच्यावर बशी झाकली, आणि ती नीट बसली आहे ना हे बघण्यात जितका वेळ घालवता येईल तितका घालवला.