पाखरीच्या दातांतला ससा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मित्रांनो. मी ससा आहे, जुना आहे, आणि माझ्या पोटात चिंध्या आहेत. मांडीवर घेऊन गोंजारावं असा माझा स्वभाव नाही. कुत्र्यांनी माझ्यामागं धावत सुटावं, एवढ्यासाठीच मला बनवलं. अशा कामाला जुंपलेल्याचं तोंड गोड कुठून असणार?

जामखेडच्या अलीकडे माळावर एक वस्ती आहे. तिथल्या रतनबाईनं मला शिवलं. वरून घोंगडीचा तुकडा, कान चपलेच्या रबराचे, आणि पोटात तिच्याच अंगावरच्या फाटक्या लुगड्यांच्या चिंध्या. तिचा नवरा भीमा शेजारी बसून सारखा नाक खुपसत होता. शेपूट बारीक कर, कान लांब कर, पाठीला बाक दे. शेवटी रतनबाई वैतागली. "अवो, ससा शिवतीया का जावई सजवतीया? कुत्र्याला काय कान मोजायचेत?" मग तिनं माझ्या नाकात लोखंडी कडी शिवली आणि माझी शर्यतीच्या मैदानावर पाठवणी झाली.

पूर्वी म्हणे शर्यतीला जिवंत ससे सोडायचे. आता त्याला बंदी आहे, म्हणून मी. मैदानाच्या एका टोकाला जुनी मोटारसायकल स्टँडवर चढवायची. मागच्या चाकाचा टायर काढलेला, त्या रिकाम्या चाकावर दोर गुंडाळायचा, दोराचं दुसरं टोक माझ्या कडीला. गोरक्षनाथ नावाचा माणूस गाडीचा कान पिळायचा की मी दगडधोंड्यांतून फरफटत निघायचो. मागं कुत्री. दोनशे मीटर हे असं जायचं, आणि कुत्र्यांचं तोंड पोचायच्या आत गोरक्षनाथ मला पोत्याखाली दडवायचा.

हा त्याचा नियमच होता. कुणी नवखा आला की तो सांगायचा, "कुत्र्याच्या तोंडी ससा लागू द्यायचा न्हाई. ह्यात चिंध्या हायेत हे हुशार कुत्र्याला एकदा कळलं, की ते परत पळत न्हाई."

मालक लोक कुत्री बाजूनं बघतात. छाती खोल आहे का, कंबर मुठीत मावते का, शेपूट कुठवर पोचते. समोरून मात्र त्यांना मीच पाहिलंय. मुधोळ जातीचा कुत्रा सुटतो झकास, पण शेवटच्या पन्नास मीटरला लोकांकडं बघायला लागतो. पश्मीच्या कानांवरचे केस बघून बायाबापड्या कौतुक करतात, धावताना त्याला त्या केसांचाच त्रास. पुण्याच्या एका साहेबांनी व्हिपेट आणलं होतं. एवढंसं पिटुकलं, पहिल्या शंभर मीटरला कुणाच्या बापाला ऐकेना, मग कुसळं टोचली आणि लंगडत साहेबांच्या गाडीत जाऊन बसलं. ग्रेहाउंड वेगात सगळ्यांचा बाप, पण डोक्यात उजेड कमी. दोर जाईल तिकडं तो जाणार. मालकांची पारख करायला मला कुणी सांगितलं नाही, नाहीतर एकजात नापास केले असते.

आणि मग पाखरी. भीमाची कारवानी कुत्री, लिंबाच्या सालीसारख्या रंगाची. आई मेली तेव्हा पाखरीनं डोळेसुद्धा उघडले नव्हते. रतनबाईनं शेळीच्या दुधात बोळा भिजवून तिला जगवली, पदराखाली झोपवली. ती धावायची तेव्हा तिचे डोळे माझ्यावर नसायचे, मी पुढं जिथं जाणार तिथं असायचे. मला कुत्र्यांचा राग आहे. पण हिची मला भीती वाटायची, आणि ज्याची भीती वाटते त्याला मान द्यावाच लागतो.

भीमाचा भाचा हर्षल नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला. त्यानं ग्रेहाउंड आणला, नाव टायसन. येताना प्लॅस्टिकच्या पाकिटात टायसनचे कागद घेऊनच आला. "मामा, ह्याच्या पणज्यापर्यंतची नावं हायेत. तुमच्या पाखरीच्या बापाचा तरी पत्ता हाय का?"

"बाप पळत न्हाई रं," भीमा म्हणाला, "कुत्रं पळतंय."

दोन शर्यती झाल्या आणि दोन्हींत टायसननं पाखरीची शेपटी पाहिली. हर्षलचं तोंड कारल्याचा काढा प्याल्यासारखं. पण हार मानेल तो हर्षल कसला! भर पारावर सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "पळती, मान्य हाय. पण ससा धरलाय का कधी? पळणं येगळं, धरणं येगळं. दाखवा की व्हिडिओ."

लोक हसले. भीमाला ते लागलं. या माणसाला दगडाची ठेच चालते, हसण्याची चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला, पाखरीला आणि गोरक्षनाथाला घेऊन माळावर आला. हातात मोबाईल. "गाडी हळू घे. तिच्या तोंडात द्यायचाय ससा."

"तात्या, नगं," गोरक्षनाथ भीमाला म्हणाला. "ही कुत्री लई शानी हाय. हिला कळंल."

"तुझ्या बापाचं काय जातंय? हळू घे म्हन्लं ना!"

गोरक्षनाथानं मान हलवली, पण हळू घेतली. पाखरी आली. तिचे दात माझ्या पाठीत घुसले, तिनं मला दोनदा झटकलं आणि माझी शिवण उसवली. भीमा मोबाईल धरून ओरडत होता, "धरला! बघ रं हर्षल्या, धरला!"

पाखरीनं मला खाली ठेवलं आणि फाटक्या पोटात नाक घातलं. आत रक्त नव्हतं, मांस नव्हतं. आत रतनबाई होती. जे लुगडं पांघरून पाखरी डोळे उघडायच्या आधी झोपली होती, तेच तुकडे. ती कितीतरी वेळ हुंगत राहिली. मग तिनं मला हलकेच तोंडात धरलं, वस्तीवर नेलं आणि भाकरी थापणाऱ्या रतनबाईच्या पायाशी ठेवलं. रतनबाईला कळलं. तिच्या मूर्ख नवऱ्याला नाही कळलं.

भीमानं दोन उलटेसुलटे टाके घालून मला परत जुंपलं. आठवड्यानं जत्रेची शर्यत होती. पाखरी आणि टायसन समोरासमोर. मी सुटलो. टायसन तीरासारखा आला. पाखरीनं माझ्याकडं पाहिलं, चार पावलं चालली आणि खाली बसून कान खाजवू लागली.

सगळं मैदान खदखदून हसलं. "मामा, पेट्रोल संपलं वाटतं हिचं!" हर्षल ओरडला.

भीमानं साखळी दुहेरी केली आणि तिथंच तिच्या पाठीवर ओढली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. ती ओरडली नाही, नुसती त्याच्याकडं बघत राहिली. मित्रांनो, मला हात नाहीत, हे दुःख मला जन्मभरात त्या एकाच दिवशी झालं.

"घेऊन जा हिला," भीमा हर्षलला म्हणाला. "वर्कशॉपच्या फाटकाला बांध, न्हाईतर कुठं बी सोड. खोड लागलीया हिला. माझ्या दारात हे आळशी तोंड नगं."

रविवारी सकाळी टेम्पो आला. रतनबाई दारात आडवी उभी राहिली. "खोटं तुमी वढलं, अन् खोड हिला व्हय? तिनं काय पाप केलं? तुमचं खोटं वळखलं, एवढंच ना?"

"रतने, बाजूला हो. कुत्री माझी हाय."

"पाजली कुनी?"

भीमानं तिला हातानं बाजूला सारलं. रतनबाई विळा घेऊन रानाकडं चालू लागली. मला वाटलं, हरली. भीमानं जाता जाता पाखरीचा रुंद पट्टासुद्धा काढून घेतला. "माझा पट्टा माझ्याकडं," म्हणाला. हर्षलनं टायसनचा जुना साधा पट्टा तिच्या गळ्यात अडकवला. पणज्यापर्यंतची नावं पाठ असलेल्या या शहाण्याला एवढं माहीत नव्हतं, की या कुत्र्यांचं डोकं मानेहून बारीक असतं. साधा पट्टा कानांवरून सहज निघतो.

तिनं पुढचा एक पाय टेम्पोच्या फळीवर ठेवला होता. तेवढ्यात ज्वारीच्या पल्याड बांधावरून हाक आली, "पाखरेऽऽ!"

एक झटका. पट्टा हर्षलच्या हातात राहिला. मी ओसरीवरच्या खुंटीला टांगलेला होतो, मला सगळं दिसलं. मी तिच्या पुढं किती वेळा पळालो असेन, पण असं धावणं मी पाहिलं नव्हतं. टेकाड, चर, बांध, काही म्हणजे काही तिला आडवं आलं नाही. हर्षलचं तोंड उघडंच राहिलं.

आणि भीमा? त्याचे डोळे चमकले. माफी नाही, लाज नाही. "पळतीया की! अजून पळतीया!" तो ओसरीवर आला, मला खुंटीवरून ओढलं आणि धापा टाकत बांधावर पोचला. "रतने, ह्याला नीट शिव. पक्का शिव. पुढच्या शर्यतीला हर्षल्याला दावतो!"

रतनबाईनं मला घेतलं. पाखरी तिच्या पायाला टेकून धापा टाकत होती. रतनबाईनं विळ्यानं माझ्या नाकातली कडी कापून काढली आणि भीमाच्या तळहातावर ठेवली.

"ही कडी तुमची," ती म्हणाली. "चिंध्या माझ्या."

आणि तिथंच, त्याच्यासमोर, तिनं माझं पोट उभं फाडलं. हर्षल रिकामा टेम्पो घेऊन गेला. भीमा चार दिवस जेवला नाही, पाचव्या दिवशी मुकाट जेवला. नवराबायको बोलत मात्र अजून नाहीत.

आता मी ससा राहिलो नाही. ओसरीच्या कोपऱ्यात माझ्या चिंध्या पसरल्यात आणि त्यांच्यावर पाखरी झोपते. तिच्या पिसवा मलाच चावतात. माझा स्वभाव अजून कडूच आहे, तेव्हा जाता जाता कडूच सांगतो. तुमच्या दारातला जीव उद्या पळायचा थांबला, तर साखळी हातात घेण्याआधी त्याच्यापुढं तुम्ही काय ओढत होता, ते एकदा बघा. आणि जरा हळू बोला. ती आत्ताच झोपलीय.