वाघ दिसल्यावर

वाघाचं दर्शन पूर्वजन्मीच्या पुण्याईनेच होतं, असं गाईड सावळीरामने अत्यंत गंभीरपणे सांगितलं आणि तो तंबाखू मळायला लागला.

जीपच्या मागच्या सीटवर झुंबरबाई डोळे मिटून, हात जोडून बसली होती. ओठ हलत होते. आईची ही श्रद्धा बघून मयूरला भरून आलं. इतकं करूनही वाघ येत नाही म्हणजे आपल्याच पुण्याईत काहीतरी खोट असणार.

मयूर ओझरला विमानाच्या कारखान्यात होता. त्याची ओरिसाला बदली झाली होती. वडील गेल्यापासून आई त्याच्याकडे क्वार्टरमध्ये राहायची; आता तिला पेठकडच्या गावी, धाकट्या दत्तूच्या घरी ठेवायचं ठरलं होतं. म्हणजे दोघा भावांनी ठरवलं होतं. आईला सांगायचं राहिलं होतं. आधी तिला जंगल दाखवू, वाघ दिसला की ती खुशीत असेल, तेव्हा हळूच सांगू, असा मयूरचा बेत होता. रोज विमानाचे पंख जोडणाऱ्या माणसाला हे एक वाक्य जोडता येत नव्हतं.

तीन दिवसांत हरणं दिसली, रानडुकरं दिसली, पुण्याचं एक कुटुंब तर रोज दिसलं. वाघ दिसला नाही. परतायच्या आदल्या दिवशी मयूरने एसटीडी बूथवरून नाशिकच्या ट्रॅव्हल्सवाल्याला फोन करून सहल कोकणापर्यंत वाढवून घेतली. विदर्भातून कोकण म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा कापायचा. समुद्रावर वाघ नसतो साहेब, ट्रॅव्हल्सवाला म्हणाला. मयूर म्हणाला, चालेल.

"आता काय, मासा दिसल्यावर सांगणार?" बायकोने, आशाने, विचारलं.

मयूर बॅग भरत राहिला.

कोकणात पोचल्यावर झुंबरबाई लुगडं खोचून घोटाभर पाण्यात उभी राहून आली आणि वाळूत बसली. मयूर शेंगांची पुडी घेऊन शेजारी टेकला. बोटाने वाळू उकरत राहिला.

"वाघ नाही दिसला, वाईट वाटलं का, आय?"

"मीच त्याला नको म्हनलं."

वाघबारसेला गावाच्या शिवेवर वाघदेवाला नारळ देऊन तिने जन्मभर एकच मागणं मागितलं होतं : देवा, आमच्या वाटेला येऊ नको. अख्खी जीप वाघाला बोलवत होती, तेव्हा ती हेच म्हणत होती.

मयूरला हसू आलं. अगं, आपण त्याला बघायलाच गेलो होतो, तो म्हणाला.

"ठावं हाय. तो दिसला की तू कायतरी सांगनार व्हतास. आशा बोलली पयल्याच दिवशी."

मयूरचं बोट वाळूत थांबलं. लांबवर आशा शिंपले वेचत होती, आणि फारच मन लावून वेचत होती.

"काय ते नाय बोलली ती. पन तू आधी खाऊ आनतोस अन् मंग वाईट सांगतोस. बाचं दुखनं कळलं तवा बी जिलबी आनलीवतीस."

मग मयूरने सांगितलं. ओरिसा, तीन वर्षं, दत्तूचं घर. समुद्राकडे बघूनच सांगितलं. झुंबरबाई बराच वेळ एकच शेंग सोलत राहिली.

"तिकडं रान हाय?"

"आहे. डोंगर आहेत भोवती."

"वाघ?"

"असेल."

"मंग त्याला लांब राहा कोन सांगल? आशाला कुठं येतंय ते." आणि तिने पदराने त्याच्या शर्टावरची वाळू झटकली, तो शाळेला निघाला असावा तशी.

उरलेल्या शेंगा सोलून मयूर तिच्या तळहातावर दाणे ठेवत राहिला. पुडी संपल्यावर रिकामी टरफलंही चाचपून बघितली.

ओरिसातल्या त्या कॉलनीत वाघ नव्हता. माकडं होती; झुंबरबाई रोज त्यांनाच लांब राहा म्हणून सांगायची.