घरी जुळवलेला कॉम्प्युटर

आण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं काही मागितलं, ते म्हणजे कॉम्प्युटर. आण्णा म्हणजे माझे वडील. उद्यमनगरातल्या कारखान्यात छत्तीस वर्षं लेथवर टर्नर होते. हा माणूस जावयानं आणलेला शर्टही "कशाला उगच" म्हणत कपाटात ठेवणारा. त्यानं फोन करून म्हणावं, "क्रांती, आमास्नी एक कॉम्प्युटर पायजे, स्वस्तातला," हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथं लॅपटॉप मागवायला निघाले.

"लॅपटॉप नगो. सुटं भाग आणून जुळवून दे. हितं येऊन."

"आण्णा, दोन दिवसांत घरपोच येतोय की!"

"विकतचं कपाट आणि सुतार घरात बसवून केल्यालं कपाट, ह्यात फरक असतोय का न्हाय?"

आता याला काय बोलणार? आमच्या घरातला पलंग, कपाट, देव्हारा, सगळं सुतारानं बाहेरच्या सोप्यात बसून केलेलं आहे. पण सुताराचा आणि कॉम्प्युटरचा काय संबंध, ते मला कळेना. पुण्यात मी एका कंपनीतले दोनशे कॉम्प्युटर चालते ठेवते, हेच माझं पोटापाण्याचं काम. म्हटलं, दिवसभराचा खेळ. शुक्रवारची रजा टाकली. आण्णांचं पहिलंवहिलं मागणं नीट पुरं करायचं आणि सोमवारी कामावर हजर व्हायचं, असं ठरवून माहेरी कळंब्याला आले.

शुक्रवारी सकाळी आण्णांना घेऊन शाहूपुरीत गेले. सोमेश नावाच्या दुकानदाराकडं हापिसांतून काढून टाकलेल्या कॉम्प्युटरचे चांगले भाग मिळतात. मी बोर्ड, रॅम बघत होते आणि आण्णा कॉम्प्युटरच्या रिकाम्या डब्यांचे पत्रे बोटानं वाजवून बघत होते. तीन डबे त्यांनी नापास केले. चौथा घेतला तेव्हा सोमेशनं कपाळावरचा घाम पुसला.

"काय करणार यावर तुम्ही?" परत येताना मी विचारलं. "फोटो? भजनं? बँकेचं काम?"

"बघू की."

आईला विचारलं, तर ती म्हणाली, "मला काय ठावं? त्यास्नी इचार." धड उत्तर कुणाकडंच नव्हतं. ज्याला काय करायचंय तेच माहीत नाही, त्याच्यासाठी काय जुळवायचं?

तरी जुळवला. सोप्यात चटई टाकून बसले. आण्णा समोर खुर्ची घेऊन बसले आणि प्रत्येक भागाचं नाव विचारत राहिले. हे काय, ते कुठं बसतंय, ह्ये सैल झालं तर काय हुतंय. आईनं तीनदा चहा केला. संध्याकाळी पाचला कॉम्प्युटर सुरू झाला. मी टाळी वाजवली.

"आवाज करतोय," आण्णा म्हणाले. "रिक्षागत."

शनिवारी पुन्हा शाहूपुरी, नवा पंखा. बसवला. आवाज गेला. आण्णांनी कान लावून ऐकलं आणि नाइलाजानं मान हलवली. मी आंघोळीला गेले. येऊन बघते तर पंखा फिरतोय, दिवा लागलाय आणि पडदा काळाठिक्कर.

तासभर डोकं खाजवलं. शेवटी उघडून बघितलं तर रॅम सैल. दाबली, सुरू झाला. मनाशी म्हटलं, झालं असेल आपलंच काहीतरी.

रविवारी सकाळी पुन्हा तेच.

आता माझं टाळकं सरकलं. व्होल्टेज तपासलं. उंदरांचा संशय घेतला. डबा रिक्षात घालून सोमेशच्या दुकानावर गेले, आणि त्याचं नशीब वाईट म्हणून ते रविवारीही उघडं होतं. तिथं मी इतकी बोलले की शेजारचा झेरॉक्सवाला बाहेर येऊन उभा राहिला. सोमेशनं शांतपणे रॅम दाबली, बटण दाबलं. सुरू. दोन तास ठेवला. एकदासुद्धा अडखळला नाही.

"ताई," तो म्हणाला, "माल चोख हाय. तुमच्या घराचंच कायतरी बघून घ्या. वास्तू-बिस्तू."

घरी आणला, लावला, चालला. जेवले, ताट ठेवलं, येऊन बघते तर पडदा काळा. मी अक्षरशः रडकुंडीला आले. दोनशे कॉम्प्युटर सांभाळणारी मी, आणि बापाचा एक कॉम्प्युटर मला चालवता येईना! पुण्याहून नवऱ्याचा फोन आला, "निघालीस का?" मी म्हटलं, "उद्याचीही रजा टाकते. काय झालंय काही कळत नाही." हे आण्णा समोरच बसून ऐकत होते. "व्हतंय असं यंत्राचं," म्हणून त्यांनी मला धीरही दिला.

रात्री रॅम दाबून चालू केला, सोमवारी सकाळी पुन्हा बंद. या वेळी मी घाई केली नाही. डबा जमिनीवर ठेवला आणि नुसती बघत बसले. झाकणाला मागून दोन स्क्रू. दोन्हींच्या डोक्यावरची खाच बरोब्बर सरळ, अधिकच्या चिन्हासारखी, फुलीसारखी तिरकी नाही. मी स्क्रू पिळते आणि सोडून देते, तो थांबेल तिथं थांबतो. वर भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडं नजर गेली. चार स्क्रू, चारही खाचा उभ्या, एका रेषेत. पंख्याचं बटण, दाराची बिजागरी, कडी, आमच्या घरातला प्रत्येक स्क्रू असाच आहे. टर्नरच्या हाताला वाकडा स्क्रू खपत नाही.

झाकण काढलं. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघड्या होत्या. दोन अंगठ्यांनी दाबल्याशिवाय त्या उघडत नाहीत. उंदराला अंगठे नसतात.

मी तणतणत स्वयंपाकघरात गेले. "आई, आण्णांनी मुद्दाम बिघडवलाय! माझी रजा गेली, मी त्या सोमेशला नाही नाही ते बोलले. हवा होता ना कॉम्प्युटर? मग हे काय चाललंय?"

आई भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"तुला काय वाटलं, त्यास्नी कॉम्प्युटर पायजे?" ती म्हणाली. "दिवाळीला तू दोन दिवस आलतीस. त्यातला एक दिवस फोनवरच. तू गेल्यावर चार दिवस धड जेवलं न्हाईत."

"मग राहा म्हणायचं की सरळ!"

"लगीन झाल्याल्या लेकीला बापानं ऱ्हा म्हणून अडवू नये, असं तुझी आज्जी म्हणायची. सासरी बोल लागतोय पोरीला. त्ये अजून पाळत्यात." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "आनि सुताराला काम संपस्तवर घरात ठिवाय येतंय, तसं वाटलं आसंल त्यास्नी."

माझा राग कुठं ठेवावा ते मला कळेना. तसाच घेऊन सोप्यात आले. आण्णा खुर्चीत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आमच्या घरात भिंती एवढ्या जाड नाहीत. ते माझ्याकडं न बघता आपल्या हातांकडं बघत होते. मला एकदम लाज वाटली, आणि ती त्यांची नव्हती, माझीच होती. हे हात किती थकलेत, हे चार दिवस त्यांच्यासमोर बसूनही मी बघितलं नव्हतं.

"लई येळ घालवला तुझा," ते म्हणाले. "बसव आता. मी न्हाय हात लावत."

मी रॅम बसवली. दोन्ही खिट्ट्या टक् टक् वाजल्या. झाकण लावलं, बटण दाबलं. पडदा उजळला. इतका सुरेख चालला होता की बघवेना.

"झालं म्हणायचं," आण्णा म्हणाले. उठून खुंटीवरची टोपी घेतली. "चल, स्टँडवर सोडतो तुला. दुपारची गाडी घावंल."

तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. "काय गं, झाला का चालू?"

मी लख्ख उजळलेल्या पडद्याकडं बघितलं. दारात टोपी घालून उभ्या असलेल्या आण्णांकडं बघितलं.

"नाही रे," मी म्हटलं. "काहीच कळत नाही. निदान रविवारपर्यंत तरी लागेल."

आण्णांनी टोपी काढली आणि ती खुंटीला लावायची सोडून हातातच धरून उभे राहिले.